फुटलेली बाटली आणि एकट्याचं मत

मर्सेड हे कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातलं शेतीवाडीचं गाव. दुसरं महायुद्ध चालू असतानाच्या काळात तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये कोका-कोलाचे क्रेट आले. माल पोचवणाऱ्याने ते काउंटरच्या मागे रचले आणि तो निघून गेला. निदान छत्तीस तास त्यांना कोणी हात लावला नाही. मग तिथल्या वेट्रेसने एक क्रेट उचलून आइस्क्रीमच्या कपाटावर ठेवला आणि एकेक बाटली फ्रीजमध्ये भरायला घेतली. तीन बाटल्या आत गेल्या. चौथी क्रेटपासून हातभर लांब आली असेल नसेल, तोच ती तिच्या हातात फुटली. विजेचा दिवा खाली पडून फुटावा तसा आवाज झाला, असं तिने पुढे साक्षीत सांगितलं. तळहातावर पाच इंचांची जखम झाली. रक्तवाहिन्या, नसा आणि अंगठ्याचे स्नायू तुटले.

गोटीच्या सोड्याची बाटली फुटताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या प्रसंगात नवल वाटणार नाही. नवल पुढच्या गोष्टीत आहे. तिने बाटली भरणाऱ्या कंपनीवर दावा लावला, पण कंपनीने नेमकी कुठे हयगय केली हे काही तिला सांगता येईना. ती कारखान्यात कधी गेली नव्हती. फुटक्या काचा हॉटेलातल्याच कोणीतरी लगेच गोळा करून कचऱ्यात टाकल्या होत्या, म्हणजे मुख्य पुरावाही गेला. बाटली कशी तडकली हे दाखवायला कोर्टात एक आकृती काढावी लागली. कंपनीच्याच एका ड्रायव्हरने साक्ष दिली, की बाटल्या फुटताना आपण याआधीही पाहिल्या आहेत, गोदामातून क्रेट काढताना फुटक्या बाटल्या सापडल्या आहेत, पण त्या का फुटतात ते काही आपल्याला ठाऊक नाही.

ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. कंपनी अपिलात गेली आणि खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जुलै १९४४ मध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश फिल गिब्सन यांनी बहुमताचा निवाडा लिहिला. त्यांनी जुन्या लॅटिन सूत्राचा आधार घेतला, ‘रेस इप्सा लोक्विटर’, म्हणजे वस्तूच काय ते बोलते. नीट भरलेली, नीट तपासलेली बाटली आपणहून फुटत नाही. ती फुटली, त्याअर्थी भरणाऱ्याकडे कुठेतरी हयगय झाली असणार, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही. वेट्रेस जिंकली.

न्यायालयातल्या सगळ्यांत नवख्यांपैकी एक न्यायमूर्ती, रॉजर ट्रेनॉर, यांना निकाल मान्य होता. कारण मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी काही पानांचं स्वतंत्र मत लिहिलं. त्यांच्या मताने निकालात एका डॉलरचाही फरक पडत नव्हता. वेट्रेसला मिळायचे ते पैसे मिळालेच असते. सही करून फाइल पुढे सरकवली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं.

*

मराठी वाचकाला ‘राज्याचं सर्वोच्च न्यायालय’ हा शब्दप्रयोग जरा खटकेल. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय एकच, दिल्लीत, आणि मुंबईचं उच्च न्यायालय त्याच्या खाली. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याला स्वतःचं सर्वोच्च न्यायालय आहे. कोणी कोणाला इजा केली तर भरपाई किती, करार मोडला तर काय, नवराबायकोंनी वेगळं कसं व्हायचं, असल्या रोजच्या आयुष्यातल्या प्रश्नांवर शेवटचा शब्द त्या राज्याच्या न्यायालयाचा असतो. संविधानाचा किंवा केंद्रीय कायद्याचा प्रश्न आला तरच वॉशिंग्टनमधलं न्यायालय मध्ये पडतं. त्यामुळे वर्तमानपत्रांचे मथळे वॉशिंग्टनच्या नऊ न्यायमूर्तींना मिळतात आणि सामान्य माणसाला रोज ज्या कायद्याशी गाठ घालावी लागते, तो पुष्कळसा राज्यांच्या राजधान्यांत आणि मोठ्या शहरांत घडतो.

कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात सात न्यायमूर्ती. त्यांची नेमणूक गव्हर्नर करतो, एक छोटी समिती ती मंजूर करते, आणि ठरावीक काळाने मतदारांपुढे त्या न्यायमूर्तीचं एकटंच नाव जातं. समोर दुसरा उमेदवार नसतो. ठेवायचं की काढायचं, हो की नाही, एवढाच प्रश्न. ट्रेनॉर या खुर्चीवर १९४० मध्ये बसले आणि १९७० मध्ये उठले.

ती खुर्ची त्यांच्यासाठी नव्हतीच. गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांनी आधी नाव सुचवलं होतं ते मॅक्स रॅडिन यांचं. रॅडिन बर्कलीच्या विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक, रोमन कायद्याचे पंडित आणि डाव्या मतांचे म्हणून ओळखले जाणारे. नेमणूक मंजूर करणाऱ्या तिघांच्या समितीत राज्याचे महाधिवक्ते अर्ल वॉरन होते. त्यांचं मत विरोधात पडलं आणि रॅडिन यांचं नाव बारगळलं. मग ओल्सन यांनी त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या, जरा कमी गाजावाजा असलेल्या प्राध्यापकाला बोलावलं. पुढे हेच वॉरन अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, आणि आपल्या एका नकाराने ज्या माणसाला वाट करून दिली होती त्याचे निवाडे त्यांच्या न्यायालयाला एकदा नव्हे, दोनदा आधाराला घ्यावे लागले. पण ते पुढे.

*

ट्रेनॉर यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९०० चा, युटा राज्यातल्या पार्क सिटीमधला. आज तिथे श्रीमंत लोक बर्फावर घसरायला येतात. तेव्हा ते रुप्याच्या खाणींचं गाव होतं. आईवडील आयर्लंडमधून आलेले, काउंटी डाउनचे. घरात गरिबी. शाळेतल्या एका शिक्षकाच्या सांगण्यावरून मुलगा १९१९ मध्ये बर्कलीला गेला, तेव्हा त्याच्याजवळ साठवलेले पाचशे डॉलर होते. पहिल्या वर्षाच्या शेवटी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शिक्षण पुढे चाललं. १९२७ पर्यंत राज्यशास्त्रातली डॉक्टरेट आणि कायद्याची पदवी, दोन्ही पदरात पडल्या होत्या. त्याच काळात ते पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवत होते आणि विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकाचे मुख्य संपादकही होते.

वकिलीत ते फारसे रमले नाहीत. न्यायाधीश तर त्याआधी कधीच नव्हते. त्यांचा विषय होता कर. हा विषय ऐकून वाचक पान उलटतील, पण ट्रेनॉर यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथेच आहे.

तिशीच्या दशकातली महामंदी. राज्याच्या तिजोरीत खडखडाट. कॅलिफोर्नियाने १९३३ मध्ये विक्रीकर लावला आणि तो राबवण्याच्या कामात ट्रेनॉर यांचा सल्ला घेतला जाऊ लागला. विक्रीकर लावला की लोक काय करतात हे आपल्याला जकात नाक्यांच्या दिवसांपासून माहीत आहे: नाक्याच्या पलीकडे जाऊन खरेदी करतात. शेजारच्या राज्यातून माल आणला की कर चुकला. त्यावर उपाय म्हणून १९३५ मध्ये वापरकर आला. वस्तू कुठेही घ्या, इथे वापरलीत तर इथला कर भरा. त्याच वर्षी राज्याचा प्राप्तिकर आला. वाहनांवरचा कर, कंपन्यांवरचा कर, इंधनावरचा कर, असे एकामागून एक कायदे झाले आणि त्यांच्या मसुद्यांवर या प्राध्यापकाचा हात होता. १९३८ च्या केंद्रीय महसूल कायद्याच्या कामासाठी वॉशिंग्टननेही त्यांना बोलावलं.

कर हा विषय माणसाला एक सवय लावतो. बोजा कागदोपत्री कोणावर टाकला आहे, यापेक्षा तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हे तो आधी पाहतो. व्यापाऱ्यावर लावलेला कर किमतीत मिसळून हजारो गिऱ्हाइकांमध्ये थोडा थोडा वाटला जातो, हे त्याला माहीत असतं. मर्सेडची बाटली समोर आली, तेव्हा ट्रेनॉर यांनी तिच्याकडे याच नजरेने पाहिलं असावं असं मला वाटतं.

*

त्या स्वतंत्र मतात त्यांनी काय लिहिलं?

पहिली गोष्ट, हयगयीचा शोध हे सोंग आहे. ‘वस्तूच बोलते’ असं म्हणून आपण कंपनीवर हयगय चिकटवतो, पण मनातून आपण कंपनीला जबाबदार धरतो ते हयगयीखातर नव्हेच. तिने सदोष माल बाजारात सोडला आणि माणूस जखमी झाला म्हणून धरतो. मग तसं सरळ म्हणा की. दुसरी गोष्ट, ग्राहकाकडे तपासणीचं साधनच उरलेलं नाही. पूर्वी कारागीर आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत. भांडं कच्चं निघालं तर कासाराच्या दुकानात जाऊन त्याच्यापुढे आदळता येत होतं. आता माल बंद बाटलीत, मोहोरबंद डब्यात येतो. कारखाना कुठे आहे ते माहीत नसतं. ग्राहक विश्वास ठेवतो तो जाहिरातीवर आणि छापावर, आणि कंपनीनेच तो ठेवायला शिकवलेलं असतं. याच खटल्यात पुढे आलं होतं, की नव्या बाटल्यांपैकी सुमारे सहाशेंमागे एक बाटली दाबाखाली तपासली जाई. परत आलेल्या, पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांना तेवढीही चाचणी नव्हती. त्यांच्यावरून नुसती नजर फिरत असे.

तिसरी गोष्ट करपंडिताची. इजा झाली की तिची किंमत कोणीतरी मोजतोच. वेट्रेसवर सोडली तर एका हाताचं काम गेलं, म्हणजे घर बसलं. कंपनीवर टाकली तर ती विमा उतरवेल, खर्च बाटलीच्या किमतीत मिसळेल आणि लाखो पिणाऱ्यांमध्ये तो पै-पैने वाटला जाईल. शिवाय बाटली अधिक मजबूत करायची सोय फक्त कंपनीच्याच हाती आहे. म्हणून जबाबदारी तिथेच असावी, हयगय सिद्ध होवो न होवो.

या विचाराला पूर्वपीठिका होती. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयात बेंजामिन कार्डोझो यांनी १९१६ मध्ये ब्युइक मोटारीच्या खटल्यात एक जुनी भिंत पाडली होती. मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे मोडले, मालक जखमी झाला. मोटार त्याने विक्रेत्याकडून घेतली होती, कारखान्याशी त्याचा करार नव्हता. तोवरच्या कायद्याप्रमाणे करार नाही तर दावाही नाही. कार्डोझो म्हणाले, धोका दिसत असेल तर करार असो नसो, कारखाना उत्तरदायी आहे. पण त्या निवाड्यातही हयगय दाखवावी लागत होतीच. ट्रेनॉर यांना त्यापुढचं पाऊल टाकायचं होतं आणि १९४४ मध्ये त्यांच्याबरोबर एकही सहकारी आला नाही. सातांत ते एकटे.

*

चार वर्षांनी आलेल्या खटल्यात मात्र ते एकटे राहिले नाहीत, पण फार सोबतीही मिळाले नाहीत.

आंद्रेया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांची ओळख युद्धकाळात विमानाच्या कारखान्यात झाली. ती मेक्सिकन वंशाची, तो कृष्णवर्णीय. दोघेही कॅथलिक. १९४७ मध्ये ते लग्नाचा परवाना मागायला लॉस एंजेलिसच्या काउंटी क्लार्ककडे गेले. अर्जावर वंशाचा रकाना होता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मेक्सिकन माणूस ‘गोरा’ धरला जाई आणि गोऱ्याचं लग्न निग्रो, मंगोलियन, मलाय किंवा मुलाटो माणसाशी लावायला परवाना देऊ नये असं कलम होतं. क्लार्कने परवाना नाकारला. हा कायदा राज्याच्या जन्माएवढाच, १८५० चा. काळ्यांपासून सुरू झालेली यादी चिनी आले तशी वाढली, जपानी आले तशी वाढली आणि १९३३ मध्ये फिलिपिनोंसाठी तिच्यात ‘मलाय’ हा शब्द घातला गेला.

त्या यादीत हिंदुस्थानी माणसाचं नाव नव्हतं. त्यामुळे त्याचं काय करायचं हे बऱ्याचदा परवाना देणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांवर अवलंबून राही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. कारकुनाला दोघांचा रंग सारखाच सावळा दिसला म्हणून पुष्कळांना परवाने मिळत गेले. कायद्याने वंश मोजायचा ठरवला की शेवटी कारकुनाची नजर हेच त्याचं माप ठरतं.

सुनावणीत ट्रेनॉर यांनी बोट ठेवलं ते याच मापावर. काउंटीच्या वकिलाला त्यांनी विचारलं, निग्रो म्हणजे कोण? अष्टमांश रक्त असेल तर चालतं का? मग षोडशांश? बत्तिसावा भाग? वकिलाकडे धड उत्तर नव्हतं, कारण कायद्यातच ते नव्हतं.

१ ऑक्टोबर १९४८ ला निकाल आला. चार विरुद्ध तीन. चारांतही एकवाक्यता नव्हती. ट्रेनॉर यांच्या निवाड्याशी दोघे पूर्ण सहमत, चौथ्या न्यायमूर्तींनी कायदा रद्द करायला होकार दिला तो धर्मस्वातंत्र्याच्या कारणावरून. विरोधातल्या तिघांचं म्हणणं असं, की असे कायदे तीस राज्यांत आहेत, शंभर वर्षं टिकले आहेत, आज ते अचानक संविधानाविरुद्ध कसे झाले? ट्रेनॉर यांच्या लेखी हा प्रश्नच चुकीचा होता. अन्याय किती जुना आहे, यावरून तो न्याय ठरत नाही. लग्नाचा हक्क म्हणजे आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करण्याचा हक्क. एका माणसाच्या जागी दुसरा माणूस देऊन तो भागत नाही. आणि हक्क माणसाचा असतो, वंशाचा नसतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला हेच म्हणायला आणखी एकोणीस वर्षं लागली. १९६७ मध्ये लव्हिंग खटल्यात वॉरन यांच्या न्यायालयाने उरलेल्या सोळा राज्यांतले असे कायदे एकमताने मोडीत काढले आणि निवाड्याच्या तळटिपेत पेरेझ खटल्याचा दाखला दिला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायद्याच्या पुस्तकातून ते मेलेलं कलम खोडलं तेदेखील १९५९ मध्ये. पेरेझ आणि डेव्हिस यांचं लग्न त्याआधीच लागलं होतं.

*

न्यायाधीशाच्या धैर्याची आपली कल्पना रामशास्त्री प्रभुण्यांपासून सुरू होते. समोर सत्ताधीश आणि त्याच्या तोंडावर सुनावलेलं प्रायश्चित्त. ट्रेनॉर यांच्या वाट्याला असा रघुनाथराव आला नाही. त्यांच्यासमोर एकदा उभी राहिली ती त्यांची स्वतःचीच सही.

१९४२ मध्ये एका खटल्यात प्रश्न आला होता, की पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन मिळवलेला पुरावा कोर्टात चालावा का? ट्रेनॉर यांनी बहुमताचा निवाडा लिहिला: चालेल. पोलिसांनी चूक केली असेल तर त्यांच्यावर वेगळा दावा करा, पण पुरावा खरा आहे तर तो नाकारून गुन्हेगाराला का सोडायचं? बहुतेक राज्यांत हाच नियम होता आणि युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो.

मग तेरा वर्षं त्यांच्यासमोर खटले येत राहिले. प्रत्येक खटल्यात कुठेतरी दार फोडलेलं, कुठेतरी परवान्याशिवाय झडती घेतलेली. पोलिसांवर वेगळा दावा करून कोणाला भरपाई मिळाल्याचं जवळजवळ दिसत नव्हतं. १९५५ मध्ये काहान खटला आला. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी जुगाराच्या सट्टेबाजांना पकडण्यासाठी त्यांच्या घरांत चोरून शिरून मायक्रोफोन दडवले होते, आणि हे पोलीसप्रमुखांच्या परवानगीने केल्याचं सरळ सांगितलं होतं. लपवायचीही गरज कोणाला वाटली नव्हती. एखाददुसऱ्या शिपायाचा आगाऊपणा असता तर गोष्ट वेगळी. ही कामाची रीतच झाली होती.

ट्रेनॉर यांनी आपलाच नियम उलटवला. पुन्हा चार विरुद्ध तीन. निवाड्यात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. बाकीचे उपाय पोलिसांना कायद्यात ठेवायला पुरे पडले नाहीत, आणि बेकायदा मिळवलेला पुरावा रोज स्वीकारत राहिलं तर न्यायालयच त्या बेकायदा कामात भागीदार होतं. १९४२ मध्ये त्यांनी जो अंदाज बांधला होता तो अनुभवाने खोटा ठरवला होता, आणि तसं लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही. पोलीस खवळले. सहा वर्षांनी, १९६१ मध्ये, वॉशिंग्टनच्या न्यायालयाने मॅप खटल्यात हाच नियम सगळ्या राज्यांना लागू केला आणि त्यात काहान खटल्याचा आधार घेतला. तेव्हाही सरन्यायाधीश वॉरनच होते.

सगळेच निवाडे असे मानाने स्वीकारले गेले असं नाही. १९६१ मध्येच सरकारी रुग्णालयात इजा झालेल्या बाईच्या खटल्यात ट्रेनॉर यांनी ‘सरकारवर दावा चालत नाही’ हा जुना दंडक फेकून दिला. विधिमंडळ हादरलं. त्याने निवाड्याचा परिणाम दोन वर्षं थांबवला आणि १९६३ मध्ये स्वतःचा सविस्तर कायदा केला, सरकारवर दावा कधी चालेल आणि कधी नाही हे सांगणारा. घटस्फोटाच्या बाबतीत १९५२ मध्ये त्यांनी लिहिलं होतं, की दोघांचीही चूक असली म्हणून दोघांना मोडलेल्या संसारात कोंडून ठेवणं शहाणपणाचं नाही. विधिमंडळ सतरा वर्षांनी त्याच वाटेने आणखी पुढे गेलं. १९६९ मध्ये चूक न शोधता घटस्फोट देणारा कायदा मंजूर झाला आणि त्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची.

*

आणि मर्सेडच्या बाटलीचं काय झालं?

१९५५ च्या नाताळात एका बाईने नवऱ्याला ‘शॉपस्मिथ’ नावाचं यंत्र भेट दिलं. करवत, ड्रिल आणि लाकूड कातायचा लेथ, तिन्ही कामं करणारं. हौशी सुताराला स्वर्गच. दोन वर्षांनी त्याने लेथचे सुटे भाग घेतले आणि एका मोठ्या ओंडक्यातून चषक कातायला बसला. लाकूड यंत्रातून सुटून त्याच्या कपाळावर आदळलं. लाकूड धरून ठेवणारे स्क्रू पुरेसे मजबूत नव्हते, असं पुढे तज्ज्ञांनी सांगितलं. ज्युरीने कारखान्याविरुद्ध ६५,००० डॉलरची भरपाई दिली. कारखान्याचा बचाव तांत्रिक होता: दोष दिसल्यावर वेळेत कळवलं नाही, साडेदहा महिने घालवले, म्हणून हमीभंगाचा दावा बाद.

ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स या खटल्याचा निकाल जानेवारी १९६३ मध्ये लागला. लिहिणारे ट्रेनॉर. निवाडा लहानसा. हमी, करार, नोटीस या गोष्टी विक्रेता आणि खरेदीदार यांच्या आपसांतल्या व्यवहारासाठी आहेत, असं सांगून त्यांनी तो बचाव बाजूला सारला. तपासणीविना वापरला जाणार हे माहीत असताना बनवणाऱ्याने सदोष वस्तू बाजारात आणली आणि तिने माणसाला इजा केली तर तो जबाबदार, हयगय असो वा नसो. हे असं का, त्याची कारणं पुन्हा उगाळायची गरज नाही, असंही त्यांनी म्हटलं, आणि जे दाखले दिले त्यांत एक होता १९४४ च्या बाटलीच्या खटल्यातल्या त्या स्वतंत्र मताचा.

या खेपेला सातही न्यायमूर्ती एकमताने त्यांच्याबरोबर होते.

मधल्या एकोणीस वर्षांत जग ट्रेनॉर यांच्या मताकडे सरकत आलं होतं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मोटार उत्पादकांच्या छापील हमीपत्रांतली पळवाट बंद केली होती. कायद्याच्या शाळांत बाटलीचा खटला शिकवला जाई आणि विद्यार्थी बहुमतापेक्षा ट्रेनॉर यांचीच पानं जास्त वाचत. ग्रीनमननंतर अमेरिकेच्या विधी संस्थेने १९६५ मध्ये छापलेल्या कायदासारात हेच तत्त्व घातलं आणि बघता बघता बहुतेक राज्यांनी ते उचललं. टीकाही झाली. भरपाईचे आकडे वाढले, विम्याचे हप्ते वाढले, काही उत्पादकांनी बाजारच सोडला, न्यायाधीश कायदे करायला लागले तर विधिमंडळाने काय करायचं, असे आक्षेप आले आणि ते अजून मिटलेले नाहीत. ट्रेनॉर यांना स्वतःलाही सरसकट जबाबदारी नको होती. वस्तूत दोष हवाच, नाहीतर प्रत्येक कारखाना प्रत्येक अपघाताचा विमेकरी ठरेल, याची जाणीव त्यांच्या लिखाणात आहे.

१९६४ मध्ये ते राज्याचे सरन्यायाधीश झाले. १९७० च्या सुरुवातीला, सत्तरीला टेकताना, निवृत्त झाले आणि पुन्हा विद्यार्थ्यांपुढे उभे राहिले. १४ मे १९८३ ला बर्कलीत वारले.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीवर एक अख्खं प्रकरण आहे. जुलै २०२० पासून ते लागू आहे. सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादक, सेवा देणारा, विक्रेता यांतला कोण कधी उत्तर देईल हे त्यात वेगवेगळं मांडलं आहे. उत्पादकाने दिलेली हमी वस्तूने पाळली नाही, तर त्यात आपली हयगय नव्हती हे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही. प्रेशर कुकर फुटलेल्या घरातली बाई ग्राहक आयोगाची पायरी चढते, तेव्हा तिला बर्कलीचा करपंडित ठाऊक असायचं काही कारण नाही.

मर्सेडची बाटली कोर्टात कधी आलीच नाही. तिच्या काचा त्याच दिवसांत कोणीतरी झाडून टाकल्या आणि कागदावर तडा कुठे गेला ती रेघ तेवढी उरली. तिच्याबरोबर उरली ती निकालाला गरज नसताना लिहिलेली काही पानं. लिहिणाऱ्याला एकोणीस वर्षांनी ती पुन्हा लिहावी लागली नाहीत. पान क्रमांक देऊन भागलं.